नातेपुत्याची शून्य मागणी

औषधाच्या दुकानात औषध कुठून येतं, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ते मिळालं नाही की मग पडतो. माझी सगळी नोकरी या 'मिळालं नाही'च्या धाकात गेली. सोलापुरात औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे मी बिलं करायला लागले आणि गेल्या वर्षी गोदामाची व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. कंपन्यांकडून खोकी येणार, ती आम्ही लावून ठेवणार आणि जिल्ह्यातल्या दुकानांना, दवाखान्यांना मागतील तशी गाड्यांनी पोचवणार. ऐकायला सोपं वाटतं. पण हजारो प्रकारची औषधं, प्रत्येकाची मुदत वेगळी, काही थंडाव्यात ठेवायची, काही उन्हापासून लपवायची. आणि सोलापूरच्या उन्हापासून लपायला जागा असते कुठं?

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात गेले, त्याची ही गोष्ट. पुण्याच्या एका संस्थेत नोकरी करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता: सप्लाय चेन ॲनालिटिक्स. शनिवार-रविवार घरून संगणकावर वर्ग आणि दर तिमाहीला चार दिवस पुण्याला. त्याचं माहितीपत्रक आमच्या मालकांच्या पुतण्यासाठी आलं होतं. आमचे मालक, आप्पा, मूळचे अक्कलकोटकडचे. कामावरच्या सगळ्या बायकांना ते 'अक्का' म्हणत. पुतण्यानं ते पत्रक उलटूनसुद्धा पाहिलं नाही. आठवडाभर ते माझ्या टेबलावर पडून होतं. शेवटी मी आप्पांना म्हटलं, "मी जाऊ का?"

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "अक्का, तुला शिकवायला त्यांच्याकडे आहे काय? पंचवीस वर्षं गोदाम चालवतेस."

"गोदाम चालवते, पण का चालतं ते सांगता येत नाही मला," मी म्हटलं.

ते हसले आणि सही केली.

घरी अवघड गेलं. आम्ही तेलुगू विणकर. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. आई विचारायला लागली, "येंदुकम्मा?" म्हणजे, कशासाठी गं? साप्लाय का काय ते तिला कसं सांगावं? मी म्हटलं, "अम्मा, कारखान्यातून पानं भरपूर मिळाली आणि तंबाखू कमी पडला, तर तू काय करायचीस?"

"काय करणार? हातावर हात ठेवून बसायचे."

"ते बसणं होऊ नये म्हणून आधीच काय करायचं, त्याचं हे शिक्षण."

आई म्हणाली, "हे आमच्या मुकादमाला शिकवायला पाहिजे होतं."

नवरा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर. त्यानं वाद घातला नाही. "शनिवारी भात मी लावतो, तू वर्ग लाव," एवढंच म्हणाला, आणि दोन वर्षं त्यानं खरोखर भात लावला. पहिले सहा महिने तो करपला, पण लावला.

वर्गात बहुतेक इंजिनिअर. मोटारींच्या कारखान्यांतले, मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांतले, माझ्या मुलीच्या वयाचे. मी जुनी बी.कॉम. संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत मी सपशेल नापास झाले. निकाल पाहून दोन दिवस मी वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी मुलीची बारावीची पुस्तकं माळ्यावरून काढली आणि सरासरीपासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला पास झाले. गुण सांगत नाही, पण लपवण्यासारखेही नव्हते.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी मी आजवर कुठल्याच समारंभात सांगितली नाही.

अभ्यासक्रमाला जाण्याच्या आदल्या वर्षी मी गोदामाची मोठी आवराआवर केली होती. बाहेरगावच्या दुकानांत आमचा जो माल वर्षभर हलला नव्हता, तो मी परत मागवला. पडून राहिलेला माल मुदत संपून वाया जातो. तो वेळेत उचलणं हे चांगल्या व्यवस्थापकाचं लक्षण, असं मी नव्या मुलींनाही शिकवत असे. त्या मालात नातेपुत्याच्या दुकानातल्या सर्पदंशावरच्या लसीच्या दहा कुप्या होत्या. पावडर असते ती, पाण्यात मिसळून सलाइनमधून देतात. विषारी साप चावला तर सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. दोन-चार ठेवून उपयोग नसतो. संगणकावर नातेपुत्यापुढचा रकाना वर्षभर कोरा होता. मी दहाच्या दहा सोलापूरला आणल्या.

नातेपुत्याच्या पुढे, माळशिरसच्या माळरानाकडे वाघमोडे डॉक्टरांचा लहानसा दवाखाना आहे. त्यांचा मला दोनदा फोन आला होता. "ताई, लस परत पाठवा. हा मेंढपाळांचा भाग आहे." मी संगणकात पाहून सांगितलं, "डॉक्टर, वर्षभरात एकही कुपी लागली नाही तुमच्याकडं." ते म्हणाले, "बरं." पुढं त्यांनी विचारलं नाही.

पावसाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. मेंढरांमागं फिरणारी चाळिशीतली बाई, पायाला मण्यार चावलेली. डोळ्यांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. "कुटं जवळ हाय का लस?" त्यांच्या आवाजात एरवीचं शहरी वळण उरलं नव्हतं. जवळ कुठंच नव्हती. होती ती माझ्या मागच्या कपाटात, सोलापुरात. त्यांनी बाईंना गाडीत घालून अकलूजकडं पाठवलं. वाटेतच बाईंचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला ते कळवलं. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं." मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, अपराधी वाटलं नाही. साप चावतात, माणसं जातात, मी नियमानं वागले होते. आकडा माझ्या बाजूनं होता.

तो आकडा माझ्या बाजूचा नव्हता, हे मला पुण्याच्या वर्गात कळलं. मागणीचा अंदाज शिकवणारे एक किरकोळ अंगाचे प्राध्यापक होते. खडूनं बोटं पांढरी झालेली. त्यांनी विचारलं, "छत्रीवाल्याकडं दहा छत्र्या होत्या. संध्याकाळपर्यंत दहाही विकल्या. मागणी किती?"

"दहा," वर्ग म्हणाला.

"आणि त्या पहिल्या तासातच संपल्या असतील तर? नंतर आलेली गिऱ्हाइकं कुठं लिहिली?" ते पुढं म्हणाले, "आता शेजारचा दुकानदार. त्याच्याकडं छत्रीच नव्हती. त्याची विक्री शून्य. मग मागणीही शून्य?"

कुणीतरी हसलं. माझ्या मात्र नातेपुत्याचा तो कोरा रकाना डोळ्यांसमोर आला. वर्षभर कुणाला साप चावला नाही, एवढंच तो सांगत होता. पुढं कुणाला चावणार नाही, असं तो कधीच म्हणाला नव्हता. आणि कुप्या आणल्यानंतर जो शून्य दिसत राहिला, तो तर मीच तयार केला होता. मधल्या सुट्टीत सगळे चहाला गेले. मी बाकावरच बसून राहिले. प्राध्यापकांनी विचारलं, "काय झालं?" मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या प्रकल्पाचा विषय ठरला, असं समजू?"

प्रत्येकाला शेवटच्या वर्षी आपल्याच कामातला एक प्रश्न घेऊन प्रकल्प करायचा असे. माझा प्रश्न ठरला: जिल्ह्यात सर्पदंशाची लस थोडीच मिळते, तर ती कुठं कुठं ठेवली म्हणजे जास्तीत जास्त माणसांपर्यंत वेळेत पोचेल? सरकारी रुग्णालयांत ती असतेच. पण साप चावलेल्या माणसाला घरचे आधी जवळच्या ओळखीच्या डॉक्टरकडं नेतात. माझा हिशेब त्या डॉक्टरांसाठी होता.

पण माहिती कुठून आणायची? आमच्या संगणकात विकलेला माल होता. न मिळालेला माल कुठंच नव्हता. तेव्हा मला वैरागचे अण्णा आठवले.

अण्णांचं वैरागच्या पेठेत औषधाचं दुकान. आमच्याकडचं सगळ्यांत त्रासदायक गिऱ्हाईक. मागणी फोनवर ओरडून सांगायचे आणि तीही चमत्कारिक. एखाद्या आठवड्यात जुलाबाच्या गोळ्या चौपट, पुढच्या आठवड्यात एकही नाही. आमचं सॉफ्टवेअर त्यांची मागणी दर वेळी लाल रंगात दाखवायचं. मी आधीच्या वर्षांची आकडेवारी काढून पाहिली, तर सॉफ्टवेअर चुकत होतं आणि अण्णा बरोबर होते. त्यांच्याकडं माल ना फारसा उरत होता, ना फारसा कमी पडत होता. मी थेट वैराग गाठलं.

दुकानात भिंतीवर दिनदर्शिका. तारखांभोवती पेनानं गोल, कुठं एक, कुठं चार, आणि शेजारी बारीक अक्षरात औषधाचं नाव.

"अण्णा, हे गोल कसले?"

"हात हलवत गेलेली माणसं," अण्णा म्हणाले. "औषध मागाया आली आन् माझ्याकडं न्हवतं. एक माणूस, एक गोल."

"कधीपासून करता हे?"

"दुकान टाकलं तवापासनं. गिऱ्हाईक माघारी गेलं की जीवाला लागतंय ओ ताई. मग ध्यानात राहावं म्हून गोल करतो. ऊसतोडीची माणसं आली की काय लागतंय, बाजाराच्या दिशी काय लागतंय, समदं कळतंय की त्यात." जुन्या दिनदर्शिका त्यांनी पोत्यात भरून ठेवल्या होत्या. त्यांनी एक-एक काढून दाखवल्या. सर्पदंशाचे गोल बहुतेक पावसाळ्यात आणि पिकं काढायच्या दिवसांत.

मी बाकड्यावर बसून तारखा उतरवून घेत होते. अण्णा गमतीनं पाहत होते. "पुण्याला जाऊन ह्येच शिकवत्यात व्हय?"

"हेच," मी म्हटलं. "पण त्यांच्याकडं एवढ्या जुन्या दिनदर्शिका नाहीत."

अण्णांना ते लई आवडलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "ह्या ताई माझ्याकडं शिकाया आल्यात." खोटं नव्हतं ते.

परत आल्यावर मी गोदामात एक वही घातली. फोन घेणाऱ्या मुलींना सांगितलं, की कुणालाही 'नाही' म्हटलं की लिहायचं: कोण, कुठलं, काय मागितलं. मुली वैतागल्या. "मॅडम, जे दिलंच नाही ते लिहून काय करायचं?" महिनाभरात वही अर्धी भरली, तेव्हा त्याच मुली पानं उलटून पाहायला लागल्या. इतक्या वेळा आपण 'नाही' म्हणतो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

वाघमोडे डॉक्टरांकडं मी स्वतः गेले. त्यांच्या समोर बसून, दिवसभर मनात घोळवलेलं वाक्य बोलले: "त्या कुप्या मी उचलल्या होत्या. माझं चुकलं."

डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर मेंढरांचा कळप चालला होता, त्याच्या धुळीनं रस्ता दिसेना. ते म्हणाले, "ताई, चूक माझीही आहे. दोनदा 'नाही' ऐकल्यावर मी मागणंच सोडलं. आमच्याकडची माणसंही तशीच. इथं मिळत नाही असं एकदा कळलं, की ती विचारत नाहीत." मग त्यांनी कपाटातून रुग्णांच्या जुन्या नोंदी काढून दिल्या. त्यात कुप्या उचलल्यानंतर त्यांनी पुढं पाठवलेले सगळे सर्पदंश होते. नातेपुत्याच्या शून्यामागं इतकी माणसं उभी होती.

तिथून पुढचं काम आकड्यांचं. हाती सहाच संच होते, दहा-दहा कुप्यांचे. कुठली सहा ठिकाणं? मी गावागावांतली अंतरं भरली, मग ती खोडून वेळ भरली, कारण आपल्याकडं वीस किलोमीटर म्हणजे कधी अर्धा तास, कधी दीड. संगणकानं सहा गावं काढून दिली. त्यात नातेपुतं पहिलं होतं. केमच्या बाजूचं एक गावही होतं. यादी मी आमच्या गाड्यांवरच्या सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरला, इस्माईलभाईंना दाखवली. त्यांनी केमकडच्या गावावर बोट ठेवलं. "मॅडम, यां नक्को. बारिश में वो नाला भरा, तो इधर का आदमी उधर जाताच नै." सर्पदंश पावसाळ्यात आणि ओढा भरतोही पावसाळ्यातच. मी तो संच ओढ्याच्या पलीकडं, खुद्द केममध्ये हलवला.

आप्पांना पटवणं उरलं होतं. "अक्का, मुदत संपली तर फेकायची? माल असा की दुसरीकडं मिळत नाही आणि आपण तो माळरानावर नेऊन ठेवणार?"

"आप्पा, घरी डब्यात नवं पीठ घालताना जुनं आधी काढून घेतात ना? तसंच. मुदत संपायला आठ महिने राहिले, की तो संच शहरात आणायचा. इथल्या मोठ्या रुग्णालयांत ती लस आठवड्याभरात लागते. आणि त्याच गाडीनं नवा संच तिकडं पाठवायचा. वाया काहीच जाणार नाही, फक्त फिरत राहील."

आप्पांनी टेबलावर बोटं वाजवली. "हे गेल्या पंचवीस वर्षांत का नाही सुचलं तुला?"

"सुचायला हवं होतं," मी म्हटलं. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांनी स्वतः सहा खोकी बाजूला काढायला सांगितली.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. एकानं तक्त्यावर पेन ठेवून विचारलं, "मॉडेलनं हे गाव दिलं होतं, तुम्ही बदललंत. का?"

"मॉडेलला ओढा माहीत नव्हता, सर."

"आणि तुम्हाला?"

"मलाही नव्हता. आमच्या इस्माईलभाईंना होता."

ते हसले नाहीत. त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "त्यांचं नाव अहवालात घाला." मी घातलं. अण्णांचंही. त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रकल्प म्हणून माझं नाव पुकारलं, तेव्हा सभागृहात आई पहिल्या रांगेत बसली होती, पोचमपल्ली नेसून. तिला मराठी भाषण फारसं कळत नाही आणि ते तर इंग्रजीत होतं. तरी शेजारच्या बाईंना ती तेलुगूत सांगत होती, की ही माझी मुलगी, हिनं गोदामाचा अभ्यास केला. त्या बाई मान डोलवत होत्या. पदवीचा झगा अंगावर फार मोठा झाला होता, पण मी तो परत देताना जरा वेळ लावला. एवढा अभिमान चालतो, असं मला वाटतं.

मात्र पदवीनं काही सिद्ध होत नव्हतं. सहा खोकी सहा गावांत बसली होती आणि मी वाट पाहत होते. विचित्र वाट ती. आपला माल लागू नये असं वाटायचं, आणि लागलाच तर तिथं असावा असंही. पहिला पावसाळा तसाच गेला. हिवाळ्यात एक संच फिरवून आणला, नवा ठेवला. आप्पांचा तोच पुतण्या एकदा म्हणालाही, "आत्या, नातेपुत्याचं अजून शून्यच आहे." मी म्हटलं, "असू दे."

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात, सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. वाघमोडे डॉक्टर. "ताई, मेंढक्या हाय, तिशीतला. मण्यारच. दहा कुप्या लावल्या. श्वास जड झालाय, मी पिशवी दाबून श्वास देतोय. अजून दहा लागल्या तर?"

कागद समोर होता. नातेपुत्याला सगळ्यांत जवळचा दुसरा संच कुठं, तिथून निघालेली गाडी किती वेळात पोचेल, हे मी दोन वर्षांपूर्वी मांडून ठेवलं होतं. "चाळीस मिनिटांत पोचतात," मी म्हटलं. अडतीस मिनिटांत पोचल्या. डॉक्टरांनी 'मिळाल्या' असा एक शब्द पाठवला. त्यानंतर काही नाही.

त्या दिवशी मी त्यांना उलटा फोन केला नाही. धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत केला नाही. आप्पा दोनदा वरून खाली येऊन उगाच कपाटं पाहून गेले.

चारच्या सुमाराला फोन आला. "ताई, नातेपुत्याचा संच भरून पाठवा. मोकळा झालाय."

मी विचारलं, "आणि माणूस?"

"तुम्हीच ऐका," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन पुढं धरला असावा. लांबून एक घोगरा, खरखरीत आवाज आला. कुणीतरी नर्सबाईंवर तणतणत होतं, "ह्यो काय च्या हाय व्हय? साकर कुटं हाय ह्यात? मेलेल्या माणसाला बी आसला च्या देत न्हाईत!"

नर्सबाई काहीतरी उत्तर देत होत्या. तो ऐकायला तयार नव्हता. डॉक्टर हसत होते आणि फोन तसाच धरून होते. गोदामातल्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. मी फोनचा आवाज मोठा केला. साखरेवरून चाललेलं ते भांडण आम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मी इस्माईलभाईंना गाडी काढायला सांगितलं.